बैठं घर

आधी घर काढ, ऑर्व्हल म्हणतो.
मी काढते. आलेखाच्या कागदावर
पावाच्या लादीसारखं आडवं,
एका चौकोनाला दोन फूट.
अमरिलोच्या या सपाटीवर
घरं अशीच बसलेली असतात,
वाऱ्याला डोक्यावरून जाऊ देत.
मजला नाही, जिना नाही,
पडायला जागाच नाही असं वाटायचं.
ऑक्टोबरात ऑर्व्हल पडला तो न्हाणीघरात,
सपाट फरशीवर.

आता त्याची खुर्ची मोजायची.
वाट चार फूट हवी, वळणाला पाच,
खडी नको, चाकं रुततात.
पाण्याची नळी मी अंगणात पसरते
वाटेची कड म्हणून,
तो पोर्चवरून हात करतो:
डावीकडे. अजून. फार झालं.
एकेचाळीस वर्षं, ट्रेलर मागे घेताना
मी त्याला असाच हात केला,
एकदाही ऐकलं नाही त्याने.
आज मी मुकाट्याने नळी सरकवते.
त्याला डुलकी लागली
की होती तिथे आणून ठेवते.

नर्सरीतल्या बाईने बजावलंय:
झाड काढाल ते आजचं काढू नका,
पूर्ण वाढलेलं काढा,
बुंध्याचा ठिपका आणि भोवती सावलीचं वर्तुळ.
झुडपं खिडकीच्या खालीच राहतील अशी निवडा,
नाहीतर बैठं घर
मोठ्या भावाची टोपी घातलेल्या पोरासारखं
नाकापर्यंत बुडतं.

ऑर्व्हलला ओक हवा.
साधासुधा नाही, बर ओक.
घर बैठं, मी बसलेला, तो म्हणतो,
एकाने तरी उभं राहायला नको?
कुणासाठी, असं मी विचारत नाही.
कपाटातली बशी काढून
उपडी ठेवते कागदावर: चाळीस फूट.
बशी थेट आमच्या निजायच्या खोलीवर.
सरकवते.
शेजारच्या पडीयांच्या कुंपणावर.
सरकवते.
रोप येणार छोट्या कुंडीतून,
माझ्या कमरेएवढं,
आणि कागदावर त्याला
अर्ध्याहून जास्त घर लागतंय.

मंगळवारी गॅसवाला आला, एझेकिएल नावाचा.
हवापाण्याचं बोलत बोलत
पिवळ्या झेंड्या रोवत गेला तिरक्या,
रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंत,
बशीच्या बरोब्बर मधून.
इथे खणू नका मॅम, म्हणाला,
आणि जाताना झेंडूच्या वाफ्यात पाय पडला
त्याबद्दल सॉरी म्हणाला.
तो वाफा केव्हाच मेलेला होता.

मग उरली एकच जागा.
गॅरेजच्या बाजूचा काँक्रीटचा पट्टा,
जिथे त्याचा पिकअप उभा असतो,
बॅटरी उतरलेला,
मागच्या हौद्यात गेल्या साली आणलेलं गवत.
तिथे मी बशी ठेवली नाही.
हातात धरून बसून राहिले.
टीव्हीवर इशारा चालला होता,
वारा ताशी पंचावन्न मैल.
खुर्चीची चाकं टेबलापर्यंत आली.
डाव्या हाताने, उजवा ऐकत नाही,
त्याने माझ्याकडून बशी घेतली
आणि पिकअपवर ठेवली.
धर, म्हणाला. हलतेय.
मी धरली. पेन्सिल त्याने फिरवली.
वर्तुळ काही आलं नाही. बटाटा आला.

काल जोलीन आली लबकहून.
कागद उलटसुलट करून पाहिला.
हा ओक, कळलं. ही वाट.
आणि दाराशी हे तपकिरी, गोल,
हे कुठलं झाड?
कॉफीच्या कपाचा डाग होता तो.
मी सांगणार, तेवढ्यात ऑर्व्हल म्हणाला,
ते अजून ठरायचंय.

शनिवारी काँक्रीट फोडायला माणूस येतोय.
पिकअपची किल्ली
अजून ऑर्व्हलच्या खिशात आहे.